विहिरीवरचा निबंध

कोथरूडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. खरं सांगायचं तर लिहून दिलं. मी सांगायचे, मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत तेच पुन्हा उतरवायची, आणि निकाल लागला की त्यांचे आईबाप पेढे घेऊन यायचे. या व्यवस्थेबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. निवृत्त झाल्यावर काही दिवस मी घरी बसून नवऱ्याला सुधारायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. तेवढ्यात ओळखीच्या एका बाईंनी सांगितलं की हिंजवडीच्या पलीकडे एका इंटरनॅशनल शाळेला अकरावी-बारावीसाठी रसायनशास्त्राच्या शिक्षिका हव्या आहेत. मी गेले आणि त्यांनी मला ठेवूनही घेतलं.

शाळा देखणी होती. वर्गांना काचेच्या भिंती होत्या, त्यामुळे आत कोण झोपलंय ते बाहेरूनच दिसायचं. मी वर्गात शिरले की मुलं उठून उभी राहत नसत, पण बसल्या जागेवरून "मॅडम, मला हे पटत नाही" असं मात्र म्हणत. पहिला महिनाभर मला तो शुद्ध उद्धटपणा वाटला. मग लक्षात आलं की त्यांना खरोखरच पटलेलं नसतं. "हे तुला कसं कळलं?" एवढाच प्रश्न विचारायला शिकवणारा एक अख्खा विषय त्यांना होता. आमच्या वेळी याचं उत्तर तीन शब्दांचं होतं, पुस्तकात दिलंय म्हणून. त्यावर दोन वर्षं तास कसे घेत असतील याचं मला फार कुतूहल वाटायचं.

या अभ्यासक्रमात सगळा भर एका गोष्टीवर होता. पुढे विद्यापीठात कोणी हात धरून चालवत नाही, तेव्हा हात आत्ताच सोडायचा. म्हणून प्रत्येक मुलानं स्वतःचा एक प्रश्न निवडायचा, त्यावर स्वतः काम करायचं आणि एक लांबलचक निबंध लिहायचा. कुठली गोष्ट कुठून घेतली ते नोंदवायचं, काय चुकलं तेही लिहायचं, आणि शेवटी शिक्षकासमोर बसून त्यावर तोंडी बोलायचं. प्रत्येक निबंधामागे एक शिक्षक मार्गदर्शक असे. या मार्गदर्शकानं काय करायचं ते आमच्या समन्वयक बाईंनी मला पहिल्याच बैठकीत समजावलं. वयानं त्या माझ्या मुलीहून लहान.

"प्रश्न विचारायचे, मॅडम. उत्तर द्यायचं नाही. कच्चा मसुदा एकदाच वाचायचा, त्यावर एकदाच बोलायचं. लाल पेन अजिबात लावायचं नाही."

"मग मी नक्की करायचं काय?"

"थांबायचं," त्या म्हणाल्या.

थांबणं माझ्या स्वभावात नाही. सिग्नल सुटायच्या आधी माझी गाडी निम्मी पुढे गेलेली असते. समोरचा माणूस शब्द शोधत असला तर त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकते, आणि तो चुकीच्या रस्त्यानं निघाला असेल तर त्याची कॉलर धरून मागे ओढल्याशिवाय मला चैन पडत नाही. अशा बाईला पगार देऊन गप्प बसवायचं म्हणजे गंमतच होती.

शाळेत सगळं काही तेवढं पवित्र नव्हतं, हेही सांगायला हवं. काही घरांत या निबंधासाठी वेगळे सल्लागार ठेवलेले असत. त्या मुलांचे निबंध इतके गुळगुळीत यायचे की वाचून झाल्यावर हाती काहीच लागत नसे. परिषदेत बोलावं तसं बोलणाऱ्या मुलांना साध्या मूलद्रव्यांची संयुजा पाठ नसायची. मी ते बोलून दाखवलं की समन्वयक बाई म्हणायच्या, "ते त्यांना शोधता येतं, मॅडम." सगळंच शोधायचं म्हटलं तर डोकं कशाला ठेवलंय, असं मी मनात म्हणायचे. कधीकधी मोठ्यानंही.

दुसऱ्या वर्षी माझ्या वाट्याला एक मुलगी आली. हिंजवडीचीच, मूळ गावातल्या घरातली. आजोबांच्या शेतावर आता कंपन्यांच्या काचा चमकत होत्या, आणि उरलेल्या जागेत वडिलांनी कंपनीतल्या मुलामुलींसाठी हॉस्टेलं बांधली होती. हे सगळं कुटुंब एका उंच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होतं. आजोबा मात्र रोज सकाळी लिफ्टनं खाली उतरून, रस्ता ओलांडून, दोन हॉस्टेलांच्या मधे राहिलेल्या तुकड्यावर जायचे. तिथे थोडी मेथी, थोडी कोथिंबीर आणि त्यांच्या वडिलांनी खोदलेली विहीर होती. प्यायला कोणी ते पाणी वापरत नसे, भाजीला मात्र तेच.

मुलगी कमी बोलणारी, पण ठाम होती. तिला पाण्याचा अभ्यास करायचा होता आणि तो नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात करायचा होता. का, असं विचारल्यावर म्हणाली, "तो देशच पाण्याखाली आहे, मॅडम. त्यांना शिकावंच लागलं." मला हे उत्तर आवडलं. तिथे प्रवेश मिळायचा तर बारावीच्या एकूण गुणांची एक रेष ओलांडावी लागणार होती, आणि त्या बेरजेत या निबंधाचाही वाटा होता. तेव्हा निबंध चांगला होणं ही तिच्यासाठी हौसेची गोष्ट नव्हती.

तिनं प्रश्न निवडला तो त्या विहिरीचा. विहिरीशेजारून एक नाला जातो. आजूबाजूला बांधकामं आणि मजुरांच्या वस्त्या वाढल्यापासून त्यात काय काय वाहतं ते सांगायला नको. पावसाळ्यात नाल्याचं पाणी विहिरीत झिरपतं, आणि पाऊस ओसरला की विहीर हळूहळू स्वतःला साफ करते, असा तिचा अंदाज. तो तपासायला तिनं जुनी, साधी पद्धत घेतली. पाण्यात जांभळं परमँगनेट घालून गरम करायचं. पाण्यात कुजकी घाण जितकी जास्त तितकं परमँगनेट जास्त खर्च होतं. ते किती खर्च झालं हे मोजता येतं. दर रविवारी सकाळी विहिरीतून बाटली भरायची, सोमवारी शाळेच्या प्रयोगशाळेत आणून मोजायची.

जुलै-ऑगस्टचे आकडे तिला हवे तसे आले. पाणी घाण होतं, जोराच्या पावसानंतर आणखी घाण. आलेख चढत चालला होता. ती दर सोमवारी प्रयोगशाळेत उभ्यानं डबा खायची आणि ब्युरेटवरची नजर हलवायची नाही. अशी मुलगी मला जुन्या कॉलेजात मिळाली असती तर मी तिला बोर्डात आणली असती.

गणपतीनंतरच्या पहिल्या सोमवारी तिनं बाटलीचं बूच काढलं आणि माझ्या नाकाला वास लागला. ब्लीचिंग पावडरचा. विहिरीत टाकतात ती, ग्रामपंचायतीत पोत्यानं मिळायची ती. मी प्रयोगशाळांत वय घालवलंय, हा वास मी झोपेतही ओळखीन. तिनं आपलं काम सुरू केलं. परमँगनेट जांभळंच्या जांभळं राहिलं. घाण जवळजवळ नाहीशी झाली होती.

"मॅडम, ड्रॉप बघा!" तिचे डोळे चमकत होते. "पाऊस थांबला ना, लगेच इफेक्ट दिसतोय."

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. पोरी, कोणीतरी विहिरीत पावडर टाकली आहे. एवढं बोलले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण समन्वयक बाई शेजारच्याच टेबलावर दुसऱ्या मुलाबरोबर होत्या, आणि त्या नसत्या तरी नियम होताच. मी विचारलं, "असं एकदम का उतरलं असेल?"

"पाऊस थांबला म्हणून."

"दुसरं काही कारण असू शकेल?"

तिनं विचार केला, प्रामाणिकपणे केला, आणि म्हणाली, "मला नाही वाटत." तिला वास का आला नाही हे मला नंतर कळलं. त्यांच्या घरी नळाला येतं ते टँकरचं पाणी. त्यालाही तोच वास. लहानपणापासून तो तिला पाण्याचाच वास वाटत आला होता.

पुढचे सोमवार माझ्यासाठी शिक्षा होते. दर वेळी तोच वास, दर वेळी तोच शून्याला टेकलेला आकडा आणि दर वेळी तिचा आनंद. मी प्रश्न विचारत राहिले. नमुना कोण घेतं? तीच. बाटली कशी धुते? तिनं बरोबर सांगितलं. विहिरीवर आणखी कोण जातं? "फक्त आजोबा." याच्यापुढचा प्रश्न म्हणजे उत्तरच झालं असतं. घरी येऊन मी नवऱ्यावर चिडत होते. त्याला बिचाऱ्याला परमँगनेट म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. शेवटी मी समन्वयक बाईंकडे गेले आणि म्हटलं, "मुलगी खड्ड्यात चालली आहे आणि मी काठावर उभी राहून विचारतेय, बाळ, तुला समोर काय दिसतंय?"

"बरोबर करताय तुम्ही," त्या शांतपणे म्हणाल्या. "मसुदा आला की बोला."

त्या शांतपणाचा मला मनस्वी संताप आला. तोही मी व्यक्त केला.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला, आणि असा आला की हिंजवडीच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या बंद पडल्या. नाला भरून वाहिला. तिच्या अंदाजाप्रमाणे त्या सोमवारी पाणी पुन्हा घाण यायला हवं होतं. आलं नाही. जांभळं ते जांभळं. ती बराच वेळ फ्लास्ककडे बघत उभी राहिली. मी काही विचारलं नाही, त्या दिवशी गरजच नव्हती. तिनं तीच मोजणी पुन्हा केली, मग आणखी एकदा केली, मग सगळं धुवून ठेवलं आणि गेली.

त्या आठवड्यात ती रविवारची वाट न बघता शनिवारी संध्याकाळीच विहिरीवर गेली. पुढचं तिनंच मला सोमवारी सांगितलं. आजोबा काठावर बसले होते. शेजारी बादली, बादलीत पांढरं पाणी. काठीनं ढवळत होते.

"आजोबा, हे काय?"

"पावडर. उद्या तुजी साळंची बाटली भरायची हाय न्हवं."

गणपतीत सगळे एकत्र जेवायला बसले असताना तिनं सांगितलं होतं की माझा निबंध आपल्या विहिरीवर आहे आणि तो बाहेरच्या देशातले लोक तपासतात. आजोबांना केवढा आनंद झाला. त्यांच्या वडिलांनी खोदलेली विहीर परदेशी जाणार. पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या पोराचं तोंड धुवावं तसं त्यांनी दर शनिवारी विहिरीला साफ केलं होतं. कोणाला सांगायची त्यांना गरज वाटली नाही. पाहुणे यायच्या आधी अंगण झाडलं हे कोण सांगत बसतं?

हे सांगताना ती रडली नाही. टेबलाची कड नखानं खरवडत होती. जुलै-ऑगस्टचे नमुने तेवढे खरे, तेही थोडे. पाऊस संपला होता. ओसरत्या पावसाबरोबर विहीर कशी बदलते हाच तर प्रश्न होता, आणि तो काळ निघून गेला होता. पुन्हा करायचं तर पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी ती शाळेत नसणार. "मॅडम, मी काय लिहू?" तिनं विचारलं.

हा प्रश्न ऐकण्यासाठी मी इतके आठवडे थांबले होते, आणि आता त्याचं उत्तर द्यायची मला मनाई होती. "ते तुलाच ठरवायचंय," मी म्हणाले. तोंडातून हे शब्द निघाले तेव्हा मला स्वतःची चीड आली. ती मान हलवून उठली. मी कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला आणि तो नेहमीपेक्षा वाईट लागला.

चार दिवसांनी तिचे वडील आले. सभ्य, घाईतला माणूस, हातात दोन फोन. "मॅडम, मुलीनं सांगितलं घोळ काय झालाय तो. वडील आमचे जुन्या वळणाचे, जाऊ द्या. तुम्ही फक्त सांगा, आकडे कसे यायला पाहिजे होते? तसे लिहून टाकू. कोण बघायला येतंय विहिरीवर?"

प्रयोगाचं रीडिंग जमवणं ही आपल्याकडची मान्यताप्राप्त कला आहे, त्यामुळे ते काही भलतं बोलतायत असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्यांची मुलगी त्यांच्या शेजारीच बसली होती. "पप्पा, आकडे कसे यायला पाहिजे होते ते मॅडमना पण माहीत नाही," ती म्हणाली. "कोणालाच माहीत नाही. म्हणून तर मोजत होते." ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना म्हटलं, अहो, यात आता मी पडू शकत नाही. मुलीची सीट गेली तर कोण जबाबदार, असं ते म्हणाले. उत्तर मला ठाऊक होतं, पण ते मला आवडणारं नव्हतं.

तिनं सगळं लिहायचं ठरवलं. मधला उतार, त्याचं कारण, बिघडलेले नमुने, सगळं. पण त्यात आणखी एक अडचण निघाली. त्या अभ्यासक्रमात असा दंडक आहे की अभ्यासात जिवंत माणूस आला तर त्याची परवानगी घ्यायची. नाव घालायचं नसलं तरी घ्यायची, आणि काय लिहितोय ते त्याला समजेल अशा भाषेत सांगून घ्यायची. म्हणजे तिनं आजोबांसमोर बसायचं आणि सांगायचं की तुमच्यामुळे माझा प्रयोग बिघडला हे मी लिहिणार आहे, चालेल का?

आजोबा तेव्हा तिच्याशी बोलत नव्हते. त्या शनिवारी ती त्यांना काहीतरी लागेल असं बोलली होती. काय बोलली ते तिनं मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. निबंध इंग्रजीत होता. तिनं तो आजोबांचा भाग मराठीत करून घेतला, आणि मेथीच्या वाफ्यापाशी बसून त्यांना वाचून दाखवला. आजोबांनी पूर्ण ऐकला.

"लिही," ते म्हणाले. "पर म्या घाण लपिवली आसं लिहू नगं. म्या पानी साफ केलं, आसं लिही."

हे तिनं मला जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "दोन्हींत फरक काय, मॅडम? पावडर तीच, आकडे तेच." मी म्हटलं, "तू सांग." ती हसली. माझ्याकडून दुसरं काही मिळणार नाही हे तिला एव्हाना कळलं होतं. मसुद्यात तिनं लिहिलं की घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीनं पाणी स्वच्छ राहावं म्हणून प्रत्येक नमुन्याआधी त्यावर प्रक्रिया केली, अभ्यासकानं नमुने घेण्याआधी विहिरीची देखभाल कोण आणि कशी करतं याची चौकशी केली नाही, आणि ही त्रुटी अभ्यासकाची आहे. मी तो मसुदा वाचला. एकदाच. दोष तिनं आजोबांवरून उचलून स्वतःकडे घेतला होता, आणि शास्त्राच्या दृष्टीनं ते अगदी बरोबर होतं. मला त्यावर एकदा बोलायची मुभा होती. मी आलेखाच्या अक्षांबद्दल बोलले.

निबंध देऊन झाल्यावर शेवटची तोंडी भेट झाली. खुर्च्या समोरासमोर, दार बंद. काय शिकलीस, काय वेगळं केलं असतंस, असे ठरलेले प्रश्न मी विचारले. तिनं नीट उत्तरं दिली. मग म्हणाली, "आता मी एक विचारू? तुम्हाला पहिल्या दिवशीच वास आला होता ना?"

"हो."

"तेव्हा सांगितलं असतं तर मला नीट नमुने घेता आले असते."

"हो."

"मला तुमचा राग आलाय, मॅडम."

"यायलाच हवा," मी म्हणाले. "मलाही आलाय." अधिकृत अहवालात मी यातलं काही लिहिलं नाही. विद्यार्थिनीला आपल्या कामाच्या मर्यादांची जाण आहे, एवढं लिहिलं.

जुलैत निकाल लागला. तिचे सगळे विषय उत्तम होते. निबंधाला मधली श्रेणी मिळाली. नमुने अपुरे, निष्कर्ष निघत नाही. तपासणाऱ्याचंही काही चुकलं नव्हतं. श्रेणी एक पायरी वर असती तर बेरीज रेषेपलीकडे गेली असती. ती अलीकडेच राहिली. विद्यापीठानं दोन ओळींत खेद कळवला.

दाखला न्यायला ती आली तेव्हा बरोबर आजोबा होते. पांढरं धोतर, टोपी, पायातल्या वहाणा काचेच्या दाराबाहेर काढून ठेवलेल्या. समन्वयक बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. माझ्यासमोर उभे राहिले.

"बाई, पावडर म्या टाकली. मार्क माजे कापा. पोरीचे कशापायी कापले?"

समन्वयक बाई खाली बघू लागल्या. मी आजोबांना म्हणाले, "बाबा, आता काही करता येत नाही. मला फार वाईट वाटतंय." खरंच वाटत होतं, आणि आजही वाटतं. मुलीनं त्यांचा दंड धरला. "आजोबा, तुमचे मार्क कुठायत कापायला? चला." मग दोघं गेली. त्यांच्या वहाणा घालून होईपर्यंत ती दार धरून उभी होती.

त्यानंतर मीही ती शाळा सोडली. रागानं नाही, गुडघ्यांमुळे. पण हा अभ्यासक्रम मुलांना विद्यापीठासाठी तयार करतो का, असं कोणी विचारलं, आणि कोथरूडमध्ये नातवंडांच्या शाळेच्या चिंतेत असलेले लोक पुष्कळ आहेत, तर मी म्हणायचे की तयार करतो, पण विद्यापीठ मिळेलच असं नाही. लोकांना हे उत्तर आवडत नसे. ते मग दुसऱ्या कोणाला तरी विचारायचे.

ती पुण्यातल्याच एका कॉलेजात पर्यावरणशास्त्राला गेली. मला वाटलं होतं संबंध संपला. गेल्या जानेवारीत एका दुपारी तिचा फोन आला, "मॅडम, घरी आहात? येऊ का?" ती हिंजवडीहून दुचाकीवर आली, वाटेतल्या ट्रॅफिकला दोन शिव्या घातल्या आणि बॅगेतून कागद काढून माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरले. आलेख होता. त्याच विहिरीचा. जूनपासून डिसेंबरपर्यंत, एकही आठवडा न चुकवता. कॉलेजनं सांगितलेलं हे काम नव्हतं. याला कोणी मार्क देणार नव्हतं. प्रयोगशाळा वापरायला तिनं तिथल्या सरांच्या हातापाया पडून परवानगी मिळवली होती.

"आणि आजोबा?" मी विचारलं.

"तेच बाटली भरतात आता. पावडर बंद. नमुना घ्यायच्या आधी नाल्याला पाणी किती आहे ते बघून मला फोनवर सांगतात. बाकी कोणाला विहिरीजवळ फिरकू देत नाहीत."

मी चष्मा लावला. आलेख पावसाबरोबर चढत गेला होता, ऑक्टोबरात पुन्हा उसळला होता आणि मग उतरत आला होता. तिचा अंदाज बराचसा खरा होता. पण नोव्हेंबरच्या मध्यावर, कोरड्या दिवसांत, एक उंच टोक होतं. पाऊस नाही, काही नाही, आणि पाणी एकदम घाण. ते कशामुळे असेल हे मला बघताक्षणी सुचलं. अगदी साधं कारण होतं. आणि आता मी तिची मार्गदर्शक नव्हते, ती माझी विद्यार्थिनी नव्हती, मसुदा एकदा वाचायचा की दहादा याला कुठला नियम नव्हता. मला कोणीही अडवू शकत नव्हतं. मी त्या टोकावर बोट ठेवलं.

"हे का झालंय, सांगू?"

तिनं चटकन माझं बोट धरून बाजूला केलं आणि कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"नको, मॅडम. थांबा. मला बघू द्या."

ती कागदावर वाकून बसली होती. मी चहा टाकायला उठले आणि तिचं बघून होईपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.